कारूऱ्यापासून मास स्पेक्ट्रोमेट्रीपर्यंत : बाळाच्या लघवीतून आजार कसा ओळखतात?

आपल्या घरातल्या बुजुर्गांना 'कारूरा' हा शब्द नक्की आठवत असेल. हकीमसाहेबांकडे जाताना सकाळची पहिली लघवी काचेच्या शिशीत भरून न्यायची. हकीमसाहेब ती शिशी उजेडाकडे धरायचे. रंग कसा आहे, पातळ की दाट, खाली गाळ बसलाय का, फेस किती, वास कसला, हे सगळं बघून मग औषध द्यायचे. ही पद्धत अंदाजपंचे नव्हती. इब्न सीना (९८०–१०३७) यांनी 'अल-कानून फित्तिब' या ग्रंथात लघवीच्या तपासणीवर सविस्तर लिहिलंय, आणि हा ग्रंथ पुढे काही शतकं युरोपातही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवला जात होता. शरीराच्या आत काय बिघडलंय याचा निशाण लघवीत सापडतो, हा त्यामागचा विचार आजही बरोबर ठरतो.

फरक इतकाच की डोळ्याला आणि नाकाला जे कळत नाही, ते आज 'मास स्पेक्ट्रोमीटर' नावाच्या मशीनला कळतं. लघवीत विरघळलेले शेकडो पदार्थ हे मशीन एकेक करून वेगळे ओळखतं.

हा विषय फक्त प्रयोगशाळेतल्या लोकांचा आहे असं समजू नका. आपल्या ओळखीत असं एखादं घर असतंच, जिथे पहिलं बाळ जन्मानंतर आठवड्याभरात गेलं आणि "इन्फेक्शन झालं होतं" एवढंच कळलं. दोन वर्षांनी दुसरं बाळही तसंच गेलं. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी आईच्या दुधाला दोष दिला, कुणी सुनेलाच. अशा काही बाळांचा खरा आजार लघवीच्या एका तपासणीत सापडू शकला असता. काहींवर इलाजही होता. म्हणून ही तपासणी काय असते, कशी होते आणि कधी मागायची, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

लघवीत असतं तरी काय?

लघवीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं. उरलेल्या भागात युरिया, क्षार, क्रिएटिनिन आणि त्याशिवाय असंख्य बारीकसारीक पदार्थ असतात. आपण खातो ते अन्न शरीरात टप्प्याटप्प्याने मोडलं जातं, त्यातून शक्ती मिळते, नवीन पेशी बनतात. या कामाला चयापचय म्हणतात. या कामात मधल्या टप्प्यांवर आणि शेवटी जे छोटे छोटे पदार्थ तयार होतात, त्यांना 'मेटाबोलाइट' म्हणतात. शरीराला नको असलेले किंवा जास्त झालेले मेटाबोलाइट मूत्रपिंडं लघवीवाटे बाहेर टाकतात.

घरातलं उदाहरण घ्या. स्वयंपाकघरातली कचऱ्याची बादली बघून आज काय शिजलंय हे सांगता येतं. मटारची सालं दिसली तर मटार पुलाव, कांद्याची सालं आणि हाडं दिसली तर सालन. पण एक दिवस बादलीत किलोभर मटार न सोललेले, तसेच्या तसे पडलेले दिसले तर? म्हणजे स्वयंपाकघरात काहीतरी अडलंय. मटार सोलणारं कुणी आलंच नाही.

शरीरात हे सोलण्याचं, चिरण्याचं, शिजवण्याचं काम एन्झाइम करतात. एकेका टप्प्याला एकेक एन्झाइम. त्यातलं एक जरी जन्मापासून नसलं किंवा निकामी असलं, तर त्या टप्प्याच्या आधीचा पदार्थ साठत जातो. तो रक्तात वाढतो, मेंदूला इजा करतो आणि लघवीत भरमसाठ उतरतो. अशा आजारांना चयापचयाचे जन्मजात आजार म्हणतात.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या डेव्हिड विशार्ट यांच्या गटाने २०१३ मध्ये मानवी लघवीची एक मोठी यादी प्रसिद्ध केली. स्वतःच्या तपासण्या आणि आधीचं संशोधन एकत्र करून त्यांनी लघवीतल्या २,६५१ मेटाबोलाइटची नोंद केली. एकाच मशीनवर हे सगळं सापडलं नाही, वेगवेगळ्या पाच-सहा पद्धती वापराव्या लागल्या. एका कपात एवढं सगळं मिसळलेलं असताना त्यातला नेमका एक पदार्थ ओळखायचा, हे काम किती अवघड आहे याचा यावरून अंदाज येईल.

मशीन यायच्या आधी : काळी लघवी, हिरवा रंग

लंडनमध्ये आर्चिबाल्ड गॅरड नावाचे एक डॉक्टर होते. काही बाळांची लघवी हवेत राहिली की काळी पडते, हे त्यांनी अभ्यासलं. या आजाराला अल्कॅप्टोनुरिया म्हणतात. १९०२ मध्ये त्यांनी लिहिलं की असे रुग्ण एकाच घरातली भावंडं असतात आणि त्यांचे आईवडील बऱ्याचदा एकमेकांचे सख्खे चुलत-मामेभावंड असतात. ही इंग्लंडमधली घरं होती हे लक्षात ठेवा, पुढे या मुद्द्यावर यायचं आहे.

दुसरी हकीकत नॉर्वेतली, १९३४ ची. बोर्ग्नी एगेलंड नावाच्या एका आईची दोन्ही मुलं मतिमंद होती. मुलांच्या अंगाला आणि लघवीला एक विचित्र वास येतो, असं ती प्रत्येक डॉक्टरला सांगायची. कुणी ऐकून घेत नव्हतं. शेवटी ऑस्लोमधले डॉ. असबियॉर्न फॉलिंग यांनी ऐकलं. त्यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं, तर ती हिरवी झाली. असा रंग येणं अपेक्षित नव्हतं. मग त्या आईने अनेक दिवस लघवी जमवून दिली. फॉलिंग यांनी त्यातला तो पदार्थ वेगळा काढला, शुद्ध केला आणि ओळखला : फेनिलपायरुविक आम्ल. नंतर त्यांनी मतिमंद मुलांच्या संस्थांमधल्या ४३० जणांची लघवी तपासली, त्यात आणखी ८ जण सापडले. या आजाराला आज फेनिलकीटोनुरिया म्हणतात. १९५० च्या दशकात कळलं की फेनिलअॅलॅनिन कमी असलेला खास आहार लहानपणापासून दिला तर हा मेंदूचा बिघाड टाळता येतो.

लिटरच्या लिटर लघवी आणि अनेक आठवड्यांची मेहनत, तेव्हा कुठे एक पदार्थ हाती लागला. आज काही मिलिलिटर लघवी पुरते, आणि तासाभराच्या एका फेरीत शंभराहून जास्त पदार्थ एकदम तपासले जातात.

मशीन हे काम कसं करतं?

लघवीतली आम्लं तपासण्यासाठी सगळ्यात जास्त वापरली जाणारी जोडी म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ आणि त्याला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर याला 'युरीन जीसीएमएस' किंवा 'युरीन ऑरगॅनिक अॅसिड' असं लिहिलेलं असतं. काम चार टप्प्यांत होतं.

पहिला टप्पा, तयारी. लघवीतली आम्लं सहजासहजी वाफ होत नाहीत, तापवली तर जळतात. म्हणून आधी रसायनं वापरून ती लघवीतून बाहेर काढतात आणि त्यांच्या टोकांना सिलिकॉन असलेली एक 'टोपी' बसवतात. टोपी घातली की आम्ल न जळता वाफ होतं. सोबत एक ओळखीचा पदार्थ ठरावीक मापाने मिसळतात, म्हणजे पुढे इतरांचं प्रमाण त्याच्याशी ताडून बघता येतं.

दुसरा टप्पा, वेगळं करणं. ही वाफ केसासारख्या बारीक, साधारण ३० मीटर लांब नळीतून सोडतात. नळी गुंडाळून भट्टीत ठेवलेली असते आणि तापमान हळूहळू ३०० अंशांच्या आसपास नेतात. रमजानमध्ये मोहम्मद अली रोडला इफ्तारनंतर दहा जण एकदम गल्लीत शिरले, तर सगळे एकाच वेळी बाहेर पडतात का? ज्याला काही घ्यायचं नाही तो पाच मिनिटांत पार. ज्याला प्रत्येक दुकानापुढे थांबायचंय त्याला तास लागतो. नळीच्या आतल्या लेपाशी ज्या पदार्थाची जास्त ओढ, तो उशिरा बाहेर येतो. प्रत्येक पदार्थाची बाहेर पडण्याची वेळ ठरलेली असते. ती वेळ म्हणजे ओळखीचा पहिला पुरावा.

तिसरा टप्पा, फोडणं. नळीतून बाहेर पडणाऱ्या पदार्थावर इलेक्ट्रॉनचा मारा करतात. रेणूवर विद्युतभार येतो आणि बरेच रेणू फुटतात. आता इथली खुबी बघा : एकाच प्रकारचा रेणू प्रत्येक वेळी त्याच पद्धतीने फुटतो. तेच तुकडे, त्याच प्रमाणात. जगभरच्या प्रयोगशाळांत हा मारा ७० इलेक्ट्रॉन व्होल्ट इतक्याच ऊर्जेचा ठेवतात. त्यामुळे मुंबईत मिळालेले तुकडे आणि टोकियोत मिळालेले तुकडे सारखेच असतात.

चौथा टप्पा, वजन. भारित तुकडे वीजक्षेत्रातून जाताना त्यांच्या वजनाप्रमाणे वेगळे होतात. (शास्त्रीय भाषेत वजन आणि विद्युतभार यांच्या गुणोत्तराप्रमाणे.) कोणत्या वजनाचे किती तुकडे आले, याचा उभ्या रेघांचा आलेख संगणकावर उमटतो. हा आलेख म्हणजे त्या पदार्थाच्या अंगठ्याचा ठसा. संगणकात हजारो पदार्थांचे ठसे आधीच साठवलेले असतात, त्यांच्याशी नवा ठसा जुळवला जातो.

वजनावरून पदार्थ वेगळे करायची ही युक्ती केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन आणि त्यांचे सहकारी फ्रान्सिस अॅस्टन यांच्या कामातून आली. अॅस्टन यांना त्यासाठी १९२२ चं नोबेल मिळालं. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन इथे के तानाका आणि सहकाऱ्यांनी एका घरातल्या भावंडांचा आजार या मशीनच्या मदतीने शोधला. त्या मुलांच्या अंगाला घामट पायमोज्यांसारखा वास यायचा. तो वास आयसोव्हॅलेरिक आम्लाचा निघाला. डॉक्टरांच्या नाकाने जी शंका घेतली, ती मशीनने खरी करून दाखवली.

एकच वजन, दोन पदार्थ

कुणी म्हणेल, वजन कळलं की झालं, पदार्थ ओळखला. तसं नसतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून एक गणितच घालते. नववीतल्या मुलामुलींनी वहीत करून बघावं.

मिथाइलमॅलोनिक आम्ल : कार्बन ४, हायड्रोजन ६, ऑक्सिजन ४. रेणुवस्तुमान ४८ + ६ + ६४ = ११८.
सक्सिनिक आम्ल : कार्बन ४, हायड्रोजन ६, ऑक्सिजन ४. रेणुवस्तुमान पुन्हा ११८.

अणू तेच, संख्या तीच, फक्त जोडणी वेगळी. सक्सिनिक आम्ल प्रत्येक निरोगी माणसाच्या शरीरात क्षणोक्षणी तयार होत असतं. मिथाइलमॅलोनिक आम्ल मात्र लघवीत खूप वाढलं तर तो बाळाच्या जिवावरचा आजार असू शकतो. दोघांना टोप्या घातल्या तरी फरक पडत नाही : दोन टोप्यांमुळे प्रत्येकाचं वजन १४४ ने वाढतं आणि दोघंही २६२ वर येतात.

मग ओळखायचं कसं? इथे त्या लांब नळीचं महत्त्व कळतं. मिथाइलमॅलोनिक आम्ल नळीतून आधी बाहेर येतं, सक्सिनिक नंतर. शिवाय दोघांच्या तुकड्यांचं आपसातलं प्रमाणही वेगळं असतं. म्हणून नियम असा : एका पुराव्यावर ओळख पक्की करायची नाही. बाहेर पडण्याची वेळ आणि तुकड्यांचा ठसा, दोन्ही जुळले पाहिजेत. आणि शक्य असेल तर तोच शुद्ध पदार्थ बाजारातून आणून त्याच मशीनवर चालवून बघायचा.

२००७ मध्ये या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांनी ओळखीच्या चार पायऱ्याच ठरवून दिल्या. शुद्ध नमुन्याशी ताडून बघितलेली पक्की ओळख ही पहिली पायरी. फक्त संगणकातल्या ठशाशी जुळलेली ती दुसरी. 'अमुक जातीचा पदार्थ आहे' इतकंच कळलं तर तिसरी. आणि चौथी पायरी म्हणजे 'काहीतरी आहे, पण काय ते माहीत नाही'. आपल्याकडे गवाहीचं महत्त्व सगळ्यांना माहीत आहे. विज्ञानातही एका साक्षीदारावर फैसला होत नाही.

रिपोर्टमध्ये वाढलेलं दिसलं म्हणजे आजारच, असं नाही

लघवी कधी पातळ असते, कधी दाट. भरपूर पाणी प्यायलं तर सगळंच कमी दिसेल. म्हणून प्रत्येक पदार्थाचं प्रमाण क्रिएटिनिनच्या तुलनेत देतात. क्रिएटिनिन स्नायूंमधून बऱ्यापैकी एकसारख्या गतीने येत राहतं, त्यामुळे तुलनेला ते सोयीचं पडतं.

दुसरी गोष्ट, खाण्यापिण्याचा असर. उपाशीपोटी राहिलं की शरीर चरबी जाळू लागतं आणि कीटोन नावाचे पदार्थ लघवीत वाढतात. लांब उपास घडलेल्या निरोगी माणसातही ते दिसतात. टिकवण्यासाठी बेंझोएट घातलेलं सरबत किंवा लोणचं खाल्लं तर हिप्युरिक आम्ल वाढतं. पॅरासिटामॉल घेतलं तर तेही आलेखात हजर. फिट्सवर देतात त्या व्हॅल्प्रोएट औषधामुळे तर अनेक नवे पदार्थ दिसतात. म्हणून नमुना देताना बाळाला काय पाजलं आणि कोणती औषधं चालू आहेत हे सगळं लिहून द्यायचं असतं.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मिथाइलमॅलोनिक आम्ल वाढण्याचं कारण दरवेळी जन्मजात आजारच असेल असं नाही. शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी असलं तरी ते वाढतं. आईमध्ये बी-१२ ची खूप कमतरता असेल आणि बाळ फक्त आईच्या दुधावर असेल, तरी बाळाच्या लघवीत ते सापडू शकतं. अशा वेळी इलाज साधा असतो. म्हणून रिपोर्टवरून इंटरनेटवर स्वतःच निदान करत बसू नका. हा रिपोर्ट बालरोगतज्ज्ञ किंवा जनुकीय आजारांचे तज्ज्ञ यांनीच वाचायचा असतो.

आणि 'लघवीच्या एका थेंबात शंभर आजार ओळखा' अशा जाहिराती दिसल्या तर सावध राहा. ही तपासणी चयापचयाच्या काही ठरावीक आजारांसाठी आहे. थॅलेसेमिया, डाऊन सिंड्रोम किंवा हृदयातलं छिद्र यातून कळत नाही.

बाळामध्ये काय दिसलं तर शंका घ्यायची?

या आजारांचं एक वैशिष्ट्य असं की बाळ जन्मतः अगदी ठणठणीत असतं. पोटात असताना त्याचा बराचसा नकोसा कचरा आईचं शरीरच साफ करत असतं. जन्मानंतर दूध सुरू झालं की दोन-तीन दिवसांत, कधी काही आठवड्यांत, साठा वाढू लागतो. मग अशी लक्षणं दिसतात :

– चांगलं दूध पिणारं बाळ अचानक दूध ओढत नाही, सतत झोपाळलेलं राहतं.
– वारंवार उलट्या होतात.
– छाती स्वच्छ असूनही श्वास जोरजोरात चालतो.
– अंग ढिलं पडतं किंवा फिट्स येतात.
– अंगाला, लघवीला किंवा कानातल्या मळाला वेगळाच वास येतो : जळलेल्या साखरेसारखा, घामट मोज्यांसारखा किंवा उंदरांच्या बिळासारखा.
– इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक दिलं, तरी फरक पडत नाही.
– आधीचं भावंड असंच, कारण न कळता गेलेलं असतं.

यातली बरीच लक्षणं साध्या जंतुसंसर्गातही दिसतात आणि बहुतेक वेळा तोच असतो. म्हणून घाबरून जाऊ नका. पण शेवटचा मुद्दा तुमच्या घराला लागू असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता स्वतः सांगा. "आमचं पहिलं बाळ पाचव्या दिवशी गेलं होतं, आणि आम्ही दोघं सख्खे मामेभाऊ-आतेबहीण आहोत." ही दोन वाक्यं डॉक्टरांसाठी लाखमोलाची असतात. लाजून ती लपवू नका. रक्तातला अमोनिया, साखर, रक्ताची आम्लता आणि लघवीतली आम्लं तपासायची का, असं थेट विचारा.

दुआ जरूर करावी, दम करून घ्यायचा असेल तर घ्यावा. पण बाळ सुस्त पडलेलं असताना आधी दवाखाना गाठावा. या आजारांत एकेक तास मोलाचा असतो.

नमुना घेताना

लघवी बाळ आजारी असतानाच, शक्यतो उपचार सुरू व्हायच्या आधी घ्यायची. सलाइनमधून साखर सुरू झाली आणि दूध बंद केलं की एक-दोन दिवसांत काही पदार्थ कमी होतात, आणि मग रिपोर्ट नॉर्मल येऊन फसगत होऊ शकते. लघवीसाठी लहान बाळांची चिकटणारी पिशवी मिळते. लंगोट पिळून लघवी काढू नये, त्यात विष्ठा आणि पावडर मिसळते. नमुना लगेच बर्फात किंवा फ्रीझरमध्ये ठेवायचा. लांबच्या गावाहून पाठवायचा असेल तर काही लॅब खास गाळणकागदावर वाळवलेली लघवीही घेतात, आधी फोन करून विचारून घ्यावं.

लघवी नापाक असते, तिची बाटली बॅगेत घालून प्रवास कसा करायचा, असा संकोच काही घरांत असतो. डबा घट्ट बंद करा, पिशवीत ठेवा, नंतर हात धुवा. तपासणीसाठी नमुना नेणं हा इलाजाचाच भाग आहे.

बाळाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब कागदावर घेऊन करायची तपासणीही असते. तिच्यातही मास स्पेक्ट्रोमीटरच वापरतात. ती जन्मानंतर दोन-तीन दिवसांत, बाळ ठणठणीत असतानाच करता येते. काही देशांत ती प्रत्येक बाळाची होते. आपल्याकडे अनेक मोठ्या रुग्णालयांत उपलब्ध आहे, पण बहुधा मागावी लागते. रक्तात शंका आली की पक्कं करण्यासाठी लघवी, आणि शेवटी जनुकांची तपासणी, असा क्रम असतो.

नात्यातलं लग्न : शांतपणे समजून घेऊ

शरीरातल्या बहुतेक एन्झाइमची 'रेसिपी' आपल्याकडे दोन प्रतींत असते. एक अम्मीकडून आलेली, एक अब्बांकडून. एका प्रतीचं पान फाटलेलं असलं तरी दुसरीवर काम चालतं. असा माणूस आयुष्यभर ठणठणीत असतो, त्याला पत्ताही नसतो. असं एखादं फाटलेलं पान जवळपास प्रत्येकाकडे असतं. अडचण तेव्हा येते जेव्हा पती आणि पत्नी दोघांकडे तेच पान फाटलेलं असतं. मग प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही फाटलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते. प्रत्येक वेळी नव्याने चारात एक. एक बाळ आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुरक्षित, असा हिशोब नाही.

सख्ख्या चुलत, मामे, आते, मावस भावंडांचे आजी-आजोबा एकच असतात. दादी किंवा नानीकडचं तेच फाटलेलं पान दोघांकडे आलेलं असण्याची शक्यता त्यामुळे वाढते. किती वाढते? इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात ११ हजारांहून जास्त बाळांचा अभ्यास झाला, त्यात पाकिस्तानी वंशाची बरीच कुटुंबं होती. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. जन्मजात दोष असण्याचं प्रमाण एरवी १०० मध्ये सुमारे ३, तर सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या लग्नात सुमारे ६. म्हणजे धोका दुप्पट होतो, हे खरं. आणि १०० पैकी सुमारे ९४ बाळांमध्ये असा दोष नसतो, हेही तितकंच खरं. दोन्ही आकडे एकत्र सांगितले पाहिजेत.

हा फक्त मुसलमानांचा प्रश्न आहे असं कुणी म्हटलं तर गॅरड यांच्या लंडनमधल्या घरांची आठवण करून द्या. महाराष्ट्रात अनेक हिंदू समाजांतही मामाच्या मुलीशी लग्नाची चाल आहे, दक्षिणेत मामा-भाचीचीही आहे. जनुकं धर्म बघत नाहीत. आणि नात्याबाहेर लग्न केलेल्या घरांतही हे आजार होतात, फक्त कमी.

शरीअतने असा निकाह जायज ठेवलाय, फर्ज केलेला नाही. म्हणून पिढ्यान्पिढ्या एकाच घरात लग्नं होत असतील आणि त्या घरात बाळं अशी गेली असतील, तर पुढचं रिश्तं ठरवण्याआधी जनुकीय सल्ला घेण्यात काही वावगं नाही. सौदी अरेबियात २००४ पासून निकाहपूर्वी सिकल सेल आणि थॅलेसेमियाची तपासणी सक्तीची आहे. आखातात नोकरीला असलेल्या आपल्या नातेवाइकांना हे माहीत असेल.

आणि एक गोष्ट घरातल्या मोठ्यांनी ध्यानात घ्यावी. असे बहुतेक आजार होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडून एकेक प्रत यावी लागते. फक्त सुनेला दोष देणं हे विज्ञानातही बसत नाही आणि इन्साफातही.

इलाज आहे का?

सगळ्यांवर नाही, पण बऱ्याच आजारांवर आहे. बायोटिनिडेज या एन्झाइमच्या कमतरतेत बायोटिनच्या गोळ्या देतात, लवकर सुरू केल्या तर मूल चांगलं वाढतं. मिथाइलमॅलोनिक आम्लाच्या काही प्रकारांत बी-१२ ची इंजेक्शनं काम करतात. आयसोव्हॅलेरिक आम्लाच्या आजारात मोजून प्रथिनं, सोबत ग्लायसिन आणि कार्निटिन. फेनिलकीटोनुरियात खास दूध-पावडर आणि आहार. यातलं काहीही बाजारातून आणून मनाने देऊ नये, मात्रा डॉक्टरच ठरवतात.

खर्चाचा प्रश्न मोठा आहे. केंद्र सरकारचं दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आलं. यातले अनेक आजार त्याच्या यादीत आहेत आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत तपासतात आणि पुढे पाठवतात. अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत चौकशी केली तर पथक कधी येणार ते कळतं.

ज्या घरात बाळ गेलं आहे, त्यांनी त्या वेळचे सगळे कागद जपून ठेवावेत. पुढच्या गरोदरपणाच्या आधी, शक्य असेल तर निकाहच्या बोलणीच्या वेळीच, ते जनुकीय तज्ज्ञांना दाखवावेत. बिघाड असलेलं जनुक एकदा कळलं, तर पुढच्या बाळाची तपासणी गरोदरपणातही होऊ शकते. त्यावर काय निर्णय घ्यायचा तो घरच्यांनी डॉक्टर आणि विश्वासातल्या आलिमांशी बोलून घ्यावा. निर्णय काहीही असो, आधी माहीत असलं तर बाळ जन्मल्या दिवसापासून इलाज सुरू करता येतो, आणि या आजारांत इलाज जितका लवकर सुरू होईल तितकं चांगलं.